मोडलेला शाफ्ट भंगारात नको, वर्गात आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अहवाल बांधून तयार होतात, तेव्हा त्यांत मागच्या बाजूला एक आडवे छापलेले पान हमखास असते. त्यावर चौकटींचा तक्ता आणि वर मथळा 'एफएमईए' (फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स ॲनालिसिस, म्हणजे वस्तू कशी बिघडेल आणि त्याने काय होईल याचा आधीच केलेला विचार). बिघाडाचा प्रकार: शाफ्ट (यंत्राचा फिरणारा दांडा) तुटणे. कारण: चुकीचे डिझाइन. उपाय: योग्य डिझाइन करणे. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी भरलेला तक्ता याहून फार वेगळा नसतो. तिथे मागच्या वर्षीच्या फाइलमधले पार्टचे नाव तेवढे बदललेले असते. दोन्हीकडे तक्ता भरायला घेतात तेव्हा ड्रॉइंग पक्के झालेले असते, ओतकामाचा पॅटर्न तयार असतो, माल कापून झालेला असतो. आता बिघाड सापडला तर सगळेच अडचणीत येणार, म्हणून तो सापडत नाही.

डिझाइनमधले बिघाड ड्रॉइंग अजून खोडता येते तेव्हाच हेरायला मुलांना आणि कारखान्यातल्या टीमला कसे शिकवावे, याबद्दल हे पत्र आहे. पत्र लांबले आहे. पण 'विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक ज्ञान द्यावे' एवढेच लिहायचे असते तर पोस्टकार्ड पुरले असते.

ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकी लष्कराने १९४९ मध्ये तिची कार्यपद्धती लिहून काढली, पुढे ती विमान, अवकाश आणि वाहन उद्योगात गेली. आज वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ या मानकामुळे ती टाळताच येत नाही. तक्ता सक्तीचा झाला आणि त्यामागचा विचार ऐच्छिक राहिला, अशी आपली गत आहे.

शिकवण्याची सुरुवात 'काय बिघडेल?' या प्रश्नाने करू नये. या वस्तूचे काम काय, हे आधी क्रियापद आणि आकडा घालून लिहायला लावावे. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. मुलांना गुऱ्हाळाच्या चरकासाठी कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, डिझाइन करायला दिले आहे. 'शक्ती पोचवणे' एवढे लिहून भागत नाही. १५ अश्वशक्ती मिनिटाला २०० फेऱ्यांवर पोचवायची तर टॉर्क (फिरवणारा जोर) सुमारे ५३५ न्यूटन-मीटर येतो. तेव्हा पहिले काम असे लिहायचे: ५३५ न्यूटन-मीटर सतत पोचवणे. आणि दुसरे, जे मुले हटकून विसरतात: मोळीतून कोयता किंवा दगड रुळांत गेला तर ९०० च्या आसपास पोचवणे बंद करणे. काम असे नेमके लिहिले की बिघाड त्यातूनच निघतात. पोचतच नाही, कमी पोचते, मधूनच तुटते, थांबायला हवे तिथे थांबत नाही, थांबायला नको तिथे थांबते. 'शाफ्ट तुटणे' हे यांतल्या पहिल्याचे फक्त एक कारण झाले.

आता त्या दुसऱ्या कामासाठी शिअर पिन, म्हणजे भार जास्त झाला की स्वतः तुटून यंत्र वाचवणारी पिन, घातली. १०० मिलिमीटर त्रिज्येवर एक एम८ बोल्ट, ग्रेड ४.६. त्याचे ताण-क्षेत्र ३६.६ चौरस मिलिमीटर, कातर-ताकद (आडवे कापले जाताना टिकण्याची) तन्य ताकदीच्या (ओढले जाताना टिकण्याच्या) ०.६ पट धरली तर २४० मेगापास्कल. म्हणजे ८.८ किलोन्यूटनला तो तुटणार आणि टॉर्क सुमारे ८८० न्यूटन-मीटरवर थांबणार. हिशेब बरोबर, गुण पूर्ण. पण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. हंगामात रात्री दोन वाजता पिन तुटली. एक काहील चुलवाणावर उकळते आहे, दुसरी भरायची आहे, गुळव्या ओरडतो आहे. पेटीत ४.६ चा बोल्ट नाही, १२.९ ग्रेडचा ॲलन बोल्ट आहे. जाडी तीच, आटे तेच, तो बसला. आता तुटण्याचा आकडा २६ किलोन्यूटनांच्या वर, म्हणजे टॉर्क २,६०० च्या पुढे. पुढचा दगड आला की पिन शाबूत आणि गिअरचे दात खाली. 'वापरणाऱ्याची चूक' म्हणून हे प्रकरण मिटवणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही नापास करू. रात्री दोनला माणूस काय करील हे आधी कळण्याजोगे असेल, तर ते डिझाइनचे काम आहे. पिन ७ मिलिमीटरची गुळगुळीत ठेवा आणि तिला मधोमध खाच द्या. ताकदीचा हिशेब त्या खाचेच्या व्यासावर करा. भोकही ७ चेच ठेवा, म्हणजे एम८ बोल्ट आत जाणार नाही आणि एम६ ढिला होऊन खडखडेल. आणि गार्डच्या आतल्या बाजूला दहा सुट्या पिना ठेवायला खोबण द्या. शिगेओ शिंगो यांनी जपानी कारखान्यांत रुजवलेली 'पोका-योके', म्हणजे चूक होऊच न देणारी पद्धत, ती हीच. शेवटची खोबण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. ती मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही.

गुणाकाराबद्दलही एक ताकीद द्यायला हवी. तीव्रता, वारंवारता आणि आधी सापडण्याची शक्यता यांना १ ते १० गुण देऊन गुणाकार करायचा, ही जुनी रीत अजून बहुतेक ठिकाणी शिकवली जाते. ९ × २ × ३ म्हणजे ५४, आणि ३ × ६ × ३ म्हणजेही ५४. पहिल्यात कामगाराचा हात जातो, दुसऱ्यात रंगाचा पोपडा निघतो. तक्ता दोघांना एकाच रांगेत बसवतो. म्हणूनच २०१९ मध्ये अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनांनी मिळून काढलेल्या पुस्तिकेत हा गुणाकार सोडून दिला आणि तीव्रतेला आधी पाहणारा उच्च-मध्यम-निम्न असा प्राधान्यक्रम आणला. आणखी एक नेहमीची गफलत तिसऱ्या रकान्यात होते. डिझाइनच्या तक्त्यात 'सापडणे' म्हणजे ड्रॉइंग सोडण्याआधी आपल्या चाचणीत सापडणे. तिथे 'इन्स्पेक्शनमध्ये तपासू' असे लिहिलेले दिसले, तर तो तक्ता समजून भरलेला नाही हे ओळखावे. कोपऱ्याची गोलाई ड्रॉइंगवरच चुकीची असेल, तर इन्स्पेक्टर ती चुकीची गोलाई अगदी बरोबर आहे म्हणून पास करणार.

गोलाईचा विषय निघालाच आहे, तर तिथे थोडे थांबायला हवे, कारण फिरणारे शाफ्ट तुटतात त्यांतले बरेचसे स्टेपच्या (जाडी बदलते त्या पायरीच्या) कोपऱ्यात किंवा कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) टोकाशी तुटतात. ४० मिलिमीटरचा शाफ्ट, त्यावर ६२०८ बेअरिंग, बेअरिंग टेकायला स्टेप. कॅडमध्ये स्टेप काढली की कोपरा काटकोनी येतो आणि तसाच छापला जातो. मग तो कोपरा ठरवतो लेथवरचा टर्नर. हातातल्या इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, ०.४ असेल तर ०.४, ०.८ असेल तर ०.८. वाकवणाऱ्या भाराखाली ०.८ च्या गोलाईला तिथला ताण सुमारे २.७ पट होतो, ४ मिलिमीटरच्या गोलाईला १.७ पट. फिरणाऱ्या शाफ्टमध्ये तो ताण प्रत्येक फेऱ्याला उलटसुलट होतो, त्यामुळे या फरकाने आयुष्य अनेक पटींनी बदलते.

मुलांना एवढे सांगितले की ती आनंदाने ४ मिलिमीटरची गोलाई देतात. इथेच त्यांना पुन्हा अडवावे. ६२०८ च्या आतल्या रिंगच्या कोपऱ्याची गोलाई किमान १.१ मिलिमीटर, म्हणून शाफ्टवरची गोलाई १ मिलिमीटरहून जास्त चालत नाही. ४ दिली तर रिंग स्टेपला टेकतच नाही, गोलाईवर चढून तिरकी बसते आणि आता शाफ्टऐवजी बेअरिंग जाते. वाट दोन आहेत. मोठी गोलाई ठेवून स्टेप आणि बेअरिंग यांच्यामध्ये मोठा चॅम्फर (तिरपी कापलेली कड) दिलेला स्पेसर (मधली रिंग) घालायचा, किंवा स्टेपच्या उभ्या तोंडात अंडरकट (आत कापलेली खाच) घेऊन गोलाईला आत जागा करून द्यायची. एका बिघाडाचा उपाय दुसऱ्या बिघाडाला जन्म देतो, हे वाक्य फळ्यावर लिहून कळत नाही. हा शाफ्ट, हे बेअरिंग आणि एक रेडियस गेज हातात दिले की वीस मिनिटांत कळते.

फौंड्रीच्या गावात कास्टिंगबद्दल (ओतकामाबद्दल) लिहायला संकोच वाटतो, पण आपल्याच कॉलेजांतल्या ड्रॉइंगवर ८ मिलिमीटर जाडीच्या भिंतीला ४० मिलिमीटर व्यासाचा भरीव बॉस (बोल्ट बसवायचा उंचवटा) चिकटवलेला दिसतो तेव्हा लिहावेच लागते. गोठायला लागणारा वेळ आकारमान भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ८ च्या पट्टीसाठी ते गुणोत्तर ४ येते, ४० च्या लांब दंडगोलासाठी १०. वर्ग केला तर बॉसला भिंतीच्या सहा पट वेळ. भिंत गोठून बसली, बॉसच्या पोटात अजून रस आहे, आणि त्याला वरून पुरवठा करणारी वाट बंद झालेली. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट फुगते म्हणून काही भरपाई होते, पण भरवसा ठेवावा इतकी नाही. श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) बरोबर मध्यभागी येते आणि आपण बरोबर मध्यभागी ड्रिल मारून टॅप करतो. आटे स्पंजात बसतात. मग दोष फौंड्रीला. ड्रॉइंगवरच बॉस बारीक केला, भोकासाठी कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) दिला, भिंतीकडून बॉसकडे जाडी हळूहळू वाढवली, आणि चार रिब एका बिंदूत आणण्याऐवजी थोड्या सरकवून दोन-दोन केल्या, तर चिल (लवकर गोठवणारा धातूचा तुकडा) आणि रायझर (जादा रस पुरवणारा साठा) यांची बरीच कसरत वाचते. यासाठी मुलांनी एक दिवस मोल्डरशेजारी (साचा करणाऱ्याशेजारी) उभे राहावे. पाहुणे म्हणून फेरी मारून उपयोग नाही. स्वतः काढलेले ड्रॉइंग हातात घेऊन त्याला विचारावे, 'हे ओतशील का, आणि कुठून?'

बोल्ट किती जोराने आवळला की त्यात किती ताण येतो, याचा घर्षणावर अवलंबून असलेला गुणांक वर्गात शिकवतात, पण प्रयोग कोणी करत नाही. एम१० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट, ५० न्यूटन-मीटरला आवळला. कोरड्या आट्यांना गुणांक ०.२ धरला तर बोल्टमध्ये २५ किलोन्यूटनचा ताण येतो, म्हणजे प्रूफ लोडच्या (बोल्ट कायमचा न ताणता पेलतो त्या भाराच्या) साधारण तीन चतुर्थांश. योग्यच आहे. आता फिटरने सवयीने तेलाचा थेंब सोडला. गुणांक ०.१५ वर आला, पाना तोच, आकडा तोच, पण ताण ३३ किलोन्यूटन. प्रूफ लोड संपला. उलट, गंजलेल्या आट्यांत तोच पाना बराच कमी ताण देईल आणि सांधा ढिला पडेल. ड्रॉइंगवर '५० न्यूटन-मीटर' लिहून 'कोरडे' की 'तेल लावून' हे न लिहिणे म्हणजे भाव सांगून वजन न सांगण्यासारखे आहे. आणि स्प्रिंग वॉशर घातला की बोल्ट ढिला होत नाही, ही समजूत तर मोडूनच काढायला हवी. आडव्या कंपनाखाली सांधा सरकला की बोल्ट स्वतःहून फिरतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्येच यंत्रावर दाखवून दिले, आणि त्या चाचणीत स्प्रिंग वॉशर जवळजवळ काहीच मदत करत नाही. सांधा सरकू नये इतका ताण आणि तो धरून ठेवील इतकी बोल्टची लांबी, हा खरा इलाज.

आता मथळ्यातल्या मोडलेल्या शाफ्टकडे येतो. उद्यमनगरातल्या दुरुस्तीच्या शॉपमध्ये तुटलेला भाग आला की पहिला प्रश्न असतो, 'वेल्डिंग करून कधी मिळेल?' त्यामुळे दोन नुकसाने होतात. पुरावा जळतो, आणि ईएन८ सारख्या ०.४ टक्के कार्बनच्या पोलादाला १५० ते २५० अंश तापवून न घेता वेल्डिंग केले तर जोडाशेजारचा पट्टा कडक, ठिसूळ होतो आणि महिन्याभरात तिथेच नवी भेग येते. हे तुकडे कॉलेजात यायला हवेत. आणताना काही पथ्ये आहेत. दोन्ही तोंडे पुन्हा जुळवून पाहू नयेत. 'बसतंय का बघू' म्हणून जुळवली की नेमक्या वाचायच्या रेषा घासून जातात. वायर ब्रश मारू नये. पाण्याने धुऊ नये. दोन्ही तोंडांचे पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यावेत, तुकडे वेगवेगळे कोरड्या पिशवीत बांधावेत, आणि यंत्र किती तास चालले होते, कशावर, आधी कधी दुरुस्ती झाली होती, हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावे. आठवड्याने विचारले तर सगळे 'काही नाही, अचानक तुटला' असेच सांगतात.

दहापट भिंग पुरते. थकव्याने तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा दिसतात आणि त्यांच्या केंद्राशी भेग जिथून निघाली ती जागा. ती जागा कीवेचा कोपरा आहे, टूलचा ओरखडा आहे, की वेल्डिंगचा शिंतोडा? शेवटी एकदम तुटलेला खरखरीत भाग किती आहे तेही मोजावे. तो लहान असेल तर भार मामुली होता आणि भेग निवांत वाढत गेली. मोठा असेल तर भारच जास्त होता. कडेला सगळीकडून करवतीसारखे दाते दिसले तर भेगा एकाच वेळी अनेक ठिकाणी निघाल्या, म्हणजे कोपरा फारच धारदार. एवढे वाचता आले की मुलगा तक्त्यात 'चुकीचे डिझाइन' लिहिणार नाही. तो लिहील, 'स्टेपची गोलाई ड्रॉइंगवर दिलेली नाही'. हे कारण पेन्सिलने दुरुस्त करता येते. ड्रॉइंगवर जे बदलता येत नाही ते कारणाच्या रकान्यात लिहू द्यायचे नाही, हा नियम एकट्याने निम्मे काम करतो.

बदलांचे प्रकरण याहून नाजूक आहे, आणि आपल्या भागाला सर्वांत लागू. कोल्हापुरात पुष्कळ काम ग्राहकाच्या ड्रॉइंगवर होते, म्हणून 'डिझाइन आमचे नाही' असे म्हणायची सवय आहे. पण 'हे असे केले तर सोपे जाईल' ही विनंती आपलीच असते. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी लॉबीवरचे टांगते पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ ड्रॉइंगवर छतापासून निघालेला एकच लांब रॉड चौथ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या पुलांच्या बीममधून जात होता. एवढ्या लांब रॉडवर आटे पाडणे आणि नट चढवणे कटकटीचे, म्हणून बनवणाऱ्यांच्या बाजूने एकाऐवजी दोन रॉड सुचवले गेले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा तिथल्या बीमपासून खाली. रॉड तेवढेच मजबूत, पूल तेवढेच जड. पण चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटावर आता दोन्ही पुलांचा भार आला. मूळचा सांधाही नियमापेक्षा कमजोरच होता. बदलाने उरलेसुरले गेले. वर्गात यासाठी दोन विटा, दोरी आणि दहा किलोचा स्प्रिंग काटा पुरतो. वरच्या विटेच्या गाठीत काटा बसवून दोन्ही रचना टांगा. पहिल्या रचनेत काटा एका विटेचे वजन दाखवतो, दुसऱ्या रचनेत दोन विटांचे. आणि हे करण्याआधी मुलांना अंदाज लिहून द्यायला सांगा. निम्मे वर्ग 'फरक नाही' लिहितात की नाही, शिक्षकांनीच पाहावे.

दुसरा धडा जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचा. किल्ली पुरेशा जोराने जागेवर धरून ठेवत नसल्याने ती चालताना फिरायची, इंजिन बंद पडायचे आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. २०१४ मध्ये गाड्या मागे घ्यायला सुरुवात झाली, पण २००६ मध्येच आतला भाग बदललेला होता, आणि पार्ट नंबर मात्र तोच ठेवला होता. त्यामुळे जुने-नवे स्विच वेगळे ओळखता येईनात आणि कारण शोधायला वर्षे गेली. 'छोटाच बदल आहे, रिव्हिजन कशाला वाढवायची' हे वाक्य आपल्याकडे किती वेळा ऐकू येते?

टोयोटात तात्सुहिको योशिमुरा यांनी घडवलेली पद्धत यावरच बेतलेली आहे. सगळे डिझाइन पुन्हा तपासण्यापेक्षा फक्त बदललेल्या जागांभोवती खोदायचे. समजा, त्याच ६२०८ बेअरिंगचे हाउसिंग (ते धरणारे कवच) वजन कमी करायला कास्ट आयर्नऐवजी ॲल्युमिनियमचे केले. मापे तीच, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तीच. पण तापमान ६० अंशांनी वाढल्यावर ८० मिलिमीटरचे बोअर (आतले भोक) बेअरिंगच्या पोलादापेक्षा सुमारे ५३ मायक्रॉनने जास्त फुगते, आणि या मापाच्या भोकाला एच७ या दर्जाने मिळणारी सगळी टॉलरन्स मिळून ३० मायक्रॉन. बाहेरची रिंग सैल होऊन हाउसिंगमध्ये फिरू लागणार. कास्ट आयर्न आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात, म्हणून जुन्या डिझाइनमध्ये हा प्रश्न कधी आलाच नव्हता. जुने डिझाइन कशाच्या जोरावर चालत होते हे न विचारता बदल केला की असे होते.

चाचणीबद्दल एकच आकडा पुरेसा आहे. एक नमुना चालवला, तुटला नाही, 'ओके' लिहिले. तीन नमुने न तुटता पार पडले तरी नव्वद टक्के खात्रीने आपण एवढेच म्हणू शकतो की विश्वासार्हता (न तुटण्याची शक्यता) ४६ टक्क्यांहून कमी नाही. नव्वद टक्के विश्वासार्हता त्याच खात्रीने दाखवायला एकही न तुटता २२ नमुने लागतात. कॉलेजला किंवा लहान कारखान्याला ते परवडत नाही, म्हणून पास होईपर्यंत चाचणी करू नये, तुटेपर्यंत करावी. कुठे तुटले आणि कितीवर, यातून तीन नमुनेही बरेच सांगतात.

कारखान्यातल्या बैठकीबाबत: पाच-सहा माणसे, दीड तास, एका वेळी एकच काम. ड्रॉइंग भिंतीवर मोठे छापलेले, तुटलेला जुना भाग टेबलावर. फौंड्री, मशीन शॉप, गुणवत्ता, खरेदी यांच्यासोबत साइटवर दुरुस्तीला जाणारा मेकॅनिक हवाच, आणि पहिले बोलणे त्याचे. साहेब आधी बोलले की बैठक संपली. ज्याने ड्रॉइंग काढले त्याने पहिला अर्धा तास फक्त लिहून घ्यायचे, बचाव करायचा नाही. प्रश्न असा टाकावा: 'पुढच्या हंगामात हे यंत्र मोडून परत आले आहे. काय झाले असेल?' 'मोडेल का?' असे विचारले तर सगळे 'नाही' म्हणतात. उठताना प्रत्येक मुद्द्यापुढे नाव, तारीख आणि ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन हे लिहिलेले असावे. 'टीम पाहील' असे लिहिलेला मुद्दा कोणीच पाहत नाही.

ज्यांना हे सगळे कॉलेजातले वाटते त्यांच्यासाठी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली उत्पादन दायित्वाची कलमे २० जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांत सदोष डिझाइन हा दायित्वाचा स्वतंत्र आधार आहे, आणि उत्पादकाच्या व्याख्येत सुटे भाग बनवणारेही येतात.

कॉलेजांना आमची सूचना अशी. प्रकल्पाचे गुण पहिल्या ड्रॉइंगवर देऊच नयेत. रिव्हिजन ए पासून डी पर्यंतची चारही ड्रॉइंग जोडायला लावावीत, प्रत्येक बदलापुढे कोणता बिघाड टाळला ते एका ओळीत, आणि गुण त्या ओळींना. एफएमईएचे पान अहवालाच्या शेवटी न घेता पहिल्या महिन्यात मागावे, हाताने लिहिलेले चालेल. तोंडी परीक्षेला एखादा अनुभवी टर्नर किंवा मोल्डर बसवता आला तर फारच चांगले. नियमात बसत नसेल तर नियमाबाहेर, चहाच्या वेळी. आणि प्रत्येक यंत्र विभागात मोडक्या भागांचे एक कपाट.

कपाटासाठी भाग मिळवायचे तर कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा या उद्योजक संघटनांनी सभासदांना एक परिपत्रक काढले तरी पुरे. कारखानदार भाग द्यायला कचरतात ते नावाच्या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून पाटीवर कंपनीचे नाव, ग्राहकाचे नाव, पार्ट नंबर काही नको. कोरलेला असेल तर ग्राइंडरने आधीच काढून टाकावा, फक्त तुटलेल्या तोंडाला ठिणग्या लागू देऊ नयेत. पाटीवर हवे ते असे: धातू आणि त्याचा ग्रेड, भार कसा होता, किती तास चालला, भेग कुठून निघाली, आणि नंतर ड्रॉइंगवर काय बदलले. शेवटचा रकाना रिकामा असेल, तर तो भाग पुढच्या तुकडीला प्रकल्प म्हणून द्यावा.

आपले,
यंत्र-डिझाइन, फौंड्री आणि गुणवत्ता विभागांत काम करणारे काही अभियंते,
कोल्हापूर